बटण भिंतीवरच राहू द्या

हळदीचा पैसा हातात आला की वसमतमध्ये दोन कामं निघतात, लग्नं आणि बांधकामं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून बाजारात भाव चढला की त्याची खूण गावातल्या नव्या स्लॅबवर दिसत आली आहे. माळवद किंवा पत्रे उतरतात, वर स्लॅब पडतो, स्लॅबखाली पीओपीचं सीलिंग येतं आणि सीलिंगमध्ये पॅनेल, प्रोफाइल, कोव्ह, झुंबर अशी दिव्यांची गर्दी होते. मग वायरमन विचारतो, “भाऊ, बटणं साधी बसवू का स्मार्ट?” घरमालक मुलाकडे बघतो, मुलगा मोबाईलमध्ये बघतो, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही. या लेखात त्या प्रश्नाच्या सगळ्या बाजू पाहायच्या आहेत.

माझं मत आधीच सांगतो. घरात मंद करता येणारे आणि आपोआप लागणारे दिवे असावेत. आजी-आजोबा असलेल्या घरात तर असावेतच. पण इथल्या परिस्थितीत क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी घरची लाईन, मग दिवा, मग त्याचं नियंत्रण आणि ॲप सगळ्यांत शेवटी. आणि काहीही बसवलं तरी भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागला पाहिजे, परत दाबलं की विझला पाहिजे. नेट असो वा नसो, मोबाईल कुणाच्याही खिशात असो.

उजेड कमी-जास्त करण्याची गरज काही नवी नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगल्यांच्या काच कारखान्यात तयार होणारा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर गेला. त्याच्या बाजूची चावी फिरवली की वात वर-खाली व्हायची. जेवताना मोठी, निजताना बारीक. वीज आली आणि ही सोय गेली. बल्ब एक तर पूर्ण पेटायचा नाही तर पूर्ण विझायचा, म्हणून रात्रीसाठी वेगळा झिरोचा बल्ब आला. काचेच्या गोळ्यातला तो छोटा लाल-हिरवा दिवा नावाला झिरो होता, पण वीज १२ ते १५ वॅट खायचा. म्हणजे आजच्या ९ वॅटच्या एलईडी बल्बपेक्षा जास्त. तो रात्रभर, वर्षानुवर्षं जळत राहिला, कारण अंधारात उठणाऱ्या माणसाला तेवढा तरी उजेड लागतो. ही गरज तेव्हाही खरी होती आणि आजही आहे. या विषयातला सगळ्यांत मोलाचा भाग मला तोच वाटतो.

डिमर मात्र बाहेरून आला. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये भिंतीतल्या बटणाच्या खोबणीत मावेल एवढा इलेक्ट्रॉनिक डिमर बनवला आणि १९६१ मध्ये लुट्रॉन ही कंपनी काढली. त्याआधी डिमर म्हणजे नाटकाच्या थिएटरातलं मोठं, तापणारं यंत्र. काही ठिकाणी तर मिठाच्या पाण्याच्या भांड्यात धातूची पट्टी वर-खाली करून दिवे मंद करत. आपल्या घरात वीज अडवून कमी करण्याच्या या तंत्राने प्रवेश केला तो दिव्यासाठी नव्हे, पंख्यासाठी. भिंतीवरचा तो चौकोनी, जड, हात लावला तर गरम लागणारा रेग्युलेटर आठवत असेल. पंखा एकवर ठेवला तरी उरलेली वीज त्या डब्यात उष्णता होऊन जायची. पुढे छोटी गोल खुंटी असलेला इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला, त्यावर पंखा घुमायचा. मग कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर आला आणि घुमणं थांबलं. आता मुंबईच्या आयआयटीतून शिकून निघालेल्यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ॲटमबर्गसारख्या कंपन्यांचे बीएलडीसी पंखे गावोगाव आले आहेत. ते ७५ वॅटच्या जागी २८ वॅटमध्ये चालतात आणि रेग्युलेटर मागतच नाहीत, उलट जुना रेग्युलेटर वाटेत ठेवला तर बिघडतात. पंख्याची ही गोष्ट इथे मुद्दाम सांगितली. नियंत्रण आणि यंत्र एकमेकांना साजेसं नसेल तर दोन्हीचं नुकसान होतं, हे पंख्याने शिकवलंय आणि दिव्यालाही ते तंतोतंत लागू आहे.

डिमर नेमकं काय करतो ते समजलं की दुकानातल्या निम्म्या फसगती टळतात. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, म्हणजे सेकंदाला १०० अर्ध्या लाटा. साधा डिमर प्रत्येक अर्धी लाट सुरू झाल्यावर क्षणभर थांबतो आणि मग वीज सोडतो. जितका जास्त थांबेल तितका दिवा मंद. पिवळ्या बल्बला याचं काही वाटत नाही. त्याची तार तापलेली असते, लाटेच्या मधल्या तुकड्यात ती थंड व्हायला वेळच मिळत नाही. एलईडी बल्बचं तसं नाही. त्याच्या पोटात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं आणि बाहेर व्होल्टेज कितीही हललं तरी आतल्या एलईडीला ठरलेला करंट पोचवत राहणं हेच त्याचं काम. आपल्याकडे व्होल्टेज १७० वर घसरलं तरी एलईडी बल्ब मंद होत नाही तो याच गुणामुळे. आता अशा बल्बला डिमरने लाटा कापून दिल्या तर ड्रायव्हर तुटलेल्या लाटेतूनच सगळा करंट ओढायला धडपडतो. दिवा फडफडतो, बारीक गुणगुणतो, एका टोकाला अचानक विझतो आणि काही महिन्यांत जातो.

म्हणून बल्बच्या खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो डिमरवर लावू नये. आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक साधे बल्ब आणि पॅनेल डिमेबल नसतात. दुसरी अडचण भाराची. ६५० वॅट लिहिलेला जुना डिमर पिवळ्या बल्बांसाठी केलेला असतो आणि नीट चालायला त्याला ठरावीक किमान भार लागतो. खोलीत ९ वॅटचे दोन बल्ब असतील तर एकूण भार १८ वॅट, तो त्याला बहुधा पुरत नाही. एलईडीसाठी लाटेची शेवटची बाजू कापणारे डिमर वेगळे येतात, ते महाग पण सौम्य असतात. डिमर घ्यायचाच तर तो घ्यावा आणि एकाच कंपनीच्या एकाच जातीच्या बल्बांवर लावावा. पंख्याचा स्टेप रेग्युलेटर दिव्याला लावण्याचा प्रयोग अजूनही होतो. तो करू नये, आणि दिव्याचा डिमरही पंख्याला लावू नये.

डोळ्याचीही एक गंमत लक्षात घ्यायला हवी. उजेड मोजून चौथाई केला तर डोळ्याला तो निम्मा वाटतो. दहा टक्क्यांवर आणला तरी तिसऱ्या हिश्श्याएवढा भासतो. त्यामुळे तीस टक्क्यांवरच थांबणारा स्वस्त डिमर निजायच्या खोलीत पुरेसा मंद वाटतच नाही. दुकानात डिमर पाहताना तो किती खाली जातो हे विचारा, आणि मंद केलेल्या दिव्याकडे मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा लुकलुकतोय. डोळ्याला ते कळत नाही, पण त्या उजेडात अभ्यास करणाऱ्या पोराचं डोकं दुखू शकतं.

बाजाराने डिमरच्या या कटकटींवर एक सोपा तोडगा काढला आणि तो वसमतच्या प्रत्येक नव्या सीलिंगमध्ये दिसतो. थ्री इन वन पॅनेल. बटण एकदा बंद-चालू केलं की पांढरा, दुसऱ्यांदा पिवळा, तिसऱ्यांदा मधला. काही बल्ब याच रीतीने पूर्ण, मध्यम आणि मंद होतात. वायरिंग बदलायची नाही, ॲप नको, नेट नको, जुनंच बटण चालतं. मला ही युक्ती मनापासून आवडते. तिचा एकच दोष आहे आणि तो नेमका इथला आहे: लाईट क्षणभर जाऊन आली की दिव्याला वाटतं कुणी बटण दाबलं. निजताना पिवळा ठेवलेला दिवा झटक्याने पांढराफटक होतो. बरेचसे दिवे काही सेकंद बंद राहिले तर पहिल्या रंगावर परततात, काही शेवटचा रंग लक्षात ठेवतात. विकत घेताना दुकानातच बटण तीन-चार वेळा दाबून, मधे दहा सेकंद थांबून पाहावं.

खऱ्या अर्थाने ‘स्मार्ट’ म्हणवणाऱ्या दिव्यांचा बाजार २०१२ मध्ये फिलिप्सचा ह्यू बल्ब आला तेव्हापासून धरायला हरकत नाही. आज आपल्याकडे साधारण पाचशे ते नऊशे रुपयांत वायफायचा रंगीत बल्ब मिळतो. तो होल्डरमध्ये फिरवून बसवला की झालं. पण त्याचं भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. कुणी सवयीने बटण बंद केलं की बल्बची वीज तुटते आणि मग ॲपला तो सापडत नाही. पाहुणे, लहान मुलं, आजी या सगळ्यांना बटणाला हात लावू नका म्हणून सांगायचं? घर सगळ्यांचं असतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असा बल्ब ठीक आहे, जाताना काढून नेता येतो. एकत्र कुटुंबाच्या बैठकीत तो त्रासाचाच होतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे बटणामागे बोर्डाच्या पोटात बसणारं छोटं मॉड्यूल. बाहेरून बोर्ड आहे तसाच दिसतो, बटण आहे तसंच चालतं आणि शिवाय मोबाईल, रिमोट किंवा टायमर यांवरही दिवा चालतो. माझ्या मते आपल्या घरांसाठी हीच तऱ्हा सगळ्यांत योग्य. त्याला न्यूट्रल लागतो. परदेशातले व्हिडिओ बघून अनेकांना भीती वाटते की आपल्या बोर्डात न्यूट्रल नसेल तर काय. पण आपल्याकडे बटणांच्या शेजारी त्याच बोर्डात फाइव्ह अँपिअरचा प्लग असतो, म्हणून न्यूट्रल आणि अर्थिंग बहुधा तिथे आलेलंच असतं. अडचण येते ती जिन्याच्या टू-वे बटणाला आणि लाकडी पट्टीवरच्या जुन्या वायरिंगला. तिथे न्यूट्रल सापडला नाही म्हणून अर्थिंगची तार न्यूट्रलच्या जागी जोडणारे लोक आहेत. हे जिवावरचं काम आहे. अर्थिंग कुठे तुटलं तर फ्रिज, कूलर, मोटार, सगळ्यांच्या पत्र्यात करंट येतो. असं कुणी सुचवलं तर त्याला काम देऊ नका.

मॉड्यूलमधल्या बारकाव्यांपैकी दोन सांगण्यासारखे आहेत. भिंतीतला बॉक्स उथळ असेल तर तारा कोंबल्या जातात, तापतात, म्हणून नवं घर बांधताना खोल बॉक्सच सांगावा. फरक थोड्या रुपयांचा असतो. आणि सीलिंगमधली दहा-बारा पॅनेल एका मॉड्यूलवर टाकू नयेत. एलईडीचे ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप मोठा करंट ओढतात आणि त्या झटक्याने मॉड्यूलमधला रिले चिकटतो. मग ॲपमध्ये दिवा बंद दिसतो आणि छताला चालू असतो.

तिसरी तऱ्हा काचेच्या टच पॅनेलची. दिसायला देखणी, किंमत काही हजारांपासून पुढे. तिच्यावर फार लिहीत नाही. त्यातलं एक बटण गेलं की पूर्ण पॅनेल बदलावं लागतं, तेच मॉडेल मिळेल याची खात्री नसते, आणि अंधारात चाचपडत बोटाने शोधायला त्यावर उंचवटाच नसतो. साधं बटण गेलं तर वसमतच्या कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात तेवढ्यापुरतं नवं मिळतं.

आता लाईनबद्दल, कारण इथे सगळं तिच्यावरच उभं आहे. आपण विजेलाच लाईट म्हणतो आणि ती जाते-येते हे गृहीत धरून जगतो. डीपी म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळतो, झंपर तुटतो, एक फेज गेला म्हणून अर्धं घर अंधारात असतं. यातलं सगळ्यांत घातक म्हणजे डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटणं. मग घरात २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत चढू शकतात आणि एका रात्रीत गल्लीतले टीव्ही, बल्ब, चार्जर जळतात. साधं बटण बंद असेल तर त्यामागचा बल्ब वाचतो, कारण त्याची तारच तुटलेली असते. स्मार्ट उपकरणाचं तसं नाही. आदेश ऐकण्यासाठी ते चोवीस तास लाईनला जोडलेलंच असतं आणि प्रत्येक झटका अंगावर घेतं. म्हणून मीटरनंतरच्या मुख्य बोर्डात जास्त-कमी व्होल्टेजला लाईन तोडणारं प्रोटेक्टर, करंट गळताच लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, विजेच्या कडकडाटातल्या झटक्यासाठी एसपीडी आणि नीट पाणी घातलेलं अर्थिंग ही चार कामं झाल्याशिवाय एकही स्मार्ट वस्तू घेऊ नये. मराठवाड्यात मान्सूनपूर्व पावसात विजा किती पडतात हे वेगळं सांगायला नको. पहिला खर्च इथे करा. हा खर्च दिसत नाही, सीलिंगला शोभा आणत नाही, म्हणून नेमका हाच टाळला जातो.

लाईट येण्याचीही एक कटकट आहे. बरेच स्मार्ट बल्ब वीज परतली की आपोआप पूर्ण उजेडात पेटतात. रात्री तीनला लाईट आली आणि घरातले सगळे दिवे एकदम लागले, लहान मूल दचकून उठलं, अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. ॲपमध्ये वीज परतल्यावर काय करायचं याची सेटिंग असते. पहिल्याच दिवशी ती ‘बंद’ किंवा ‘आधीप्रमाणे’ करावी. शेतकऱ्यांना ही गोष्ट लगेच कळेल. मोटारीच्या स्टार्टरला ऑटो स्विच लावला की लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचलतात आणि डीपी बसते, म्हणून तर महावितरण ऑटो स्विच काढायला सांगतं.

मोटारीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, दुरून नियंत्रण या गोष्टीत वसमत तालुका कुणाच्या मागे नाही. घरातला बल्ब मोबाईलवर येण्याच्या कितीतरी आधी शेतातली मोटार मोबाईलवर आली. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी शेतकऱ्याला मोबाईलवरून पंप चालू-बंद करता यावा म्हणून ‘नॅनो गणेश’ तयार केलं आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. पुढे अनेक कंपन्यांचे मोबाईल स्टार्टर आले. रात्रपाळीची थ्री फेज आली की ओल्या बांधावरून, साप-विंचवातून विहिरीवर जाणं वाचलं, मोटार चालू झाली का, फेज तिन्ही आहेत का, हे घरबसल्या कळू लागलं. तिथे दुरून चालवण्याने जीव वाचत होते, म्हणून लोकांनी ते चटकन स्वीकारलं. घरातल्या दिव्याला हीच कसोटी लावावी. सोफ्यावरून न उठता दिवा बंद करता आला, यात काही वाचत नाही.

बचतीचंही तसंच. विक्रेते वीज वाचेल म्हणतात, तेव्हा हिशेब करून पाहावा. जुना ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास चालला तर महिन्याला ९ युनिट. ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ चालला तर १.३५ युनिट. खरी बचत इथेच झाली. केंद्र सरकारच्या उजाला योजनेत जानेवारी २०१५ पासून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले, आणि सरकारी खरेदीत एका बल्बची किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. आता तोच एलईडी मंद करून निम्म्या विजेवर चालवला तर महिन्याला पाऊण युनिटही वाचत नाही. युनिटला दहा रुपये धरले तरी सात रुपयांच्या आत. त्यातून स्मार्ट बल्ब विझलेला असताना आदेशाची वाट बघत अर्धा वॅट खातो, त्याचे तीन रुपये वजा करा. उरले चार. पाचशे रुपये जास्त देऊन घेतलेला बल्ब ते वसूल करायला दहा वर्षं घेईल, आणि तो दहा वर्षं टिकणार नाही. वेळेनुसार दर लावणाऱ्या टीओडी मीटरमध्ये दिवसाच्या वापराला सवलत आहे म्हणून काहीजण स्मार्ट दिव्यांचं समर्थन करतात, पण दिवे लागतात संध्याकाळनंतर. वीज वाचवायची असेल तर पंखा, फ्रिज आणि कूलरकडे बघावं.

मग मंद दिवा हवाच कशाला? डोळ्यासाठी आणि झोपेसाठी. डोळ्याच्या पडद्यात बघण्यापेक्षा मुख्यतः दिवस-रात्र ओळखणाऱ्या पेशी असतात, हे २००२ च्या सुमाराला सिद्ध झालं. त्या निळसर उजेडाला सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. मग झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा सुटतं. आपल्या घरांत मात्र ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा म्हणजेच चांगला दिवा, अशी समजूत घट्ट बसलीय. स्वयंपाकाच्या ओट्यावर, अभ्यासाच्या टेबलावर, दुकानात तो योग्यच. निजायच्या खोलीत रात्री नऊनंतर २७०० केल्विनचा पिवळसर आणि मंद दिवा हवा. यासाठी ॲपची गरज नाही. एका खोलीत दोन वेगळ्या बटणांवर दोन दिवे, एक कामाचा पांढरा आणि एक कमी वॅटचा पिवळा, एवढं केलं तरी डिमरचं बरंचसं काम होतं. वायरिंग करतानाच ही वाटणी करून घ्यावी. सीलिंगचे सगळे दिवे एका बटणावर टाकले की पुढे कितीही महाग नियंत्रण आणलं तरी ती चूक निस्तरत नाही.

आणि सेन्सर. माझ्या मते स्मार्ट दिव्यांतली सगळ्यांत कामाची आणि स्वस्त वस्तू. माणूस हलला की लागणारा आणि दीड-दोन मिनिटांनी विझणारा बल्ब तीन-चारशे रुपयांच्या आसपास मिळतो. वसमतच्या जुन्या घरांत न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, मधे उघडी जागा. तिथे, जिन्यात आणि आजीच्या खाटेपासून दाराकडे जाणाऱ्या वाटेवर तो लावा. साठीच्या डोळ्याला विशीच्या डोळ्यापेक्षा बराच जास्त उजेड लागतो आणि रात्री बटण शोधतानाच पाय अडखळतो. शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्यांना तर तो हवाच. सौर पॅनेलचा सेन्सर दिवा लाईनवर अवलंबूनही नाही. हळद शिजवण्याच्या दिवसांत कुकरभोवती रात्री उशिरापर्यंत वाफेत माणसं वावरतात, पायाखाली चिखल असतो, तिथे मात्र सेन्सर नको, सरळ चालू राहणारा दिवा हवा. वाफ आणि हालचाल यांत सेन्सर गोंधळतो आणि ऐनवेळी विझतो.

सेन्सर दोन जातींचे. पीआयआर अंगाची उष्णता हलताना टिपतो. वसमतच्या मे महिन्यात भिंती आणि हवा अंगाइतक्याच तापल्या की त्याची नजर मंदावते, पावसाळ्यात आणि थंडीत तो चोख असतो. साप थंड रक्ताचा, त्याच्यामुळे हा दिवा लागेल अशी आशा करू नका. तो माणसासाठी लागतो आणि मग साप माणसाला दिसतो. दुसरा रडारवाला सेन्सर पातळ दारा-प्लास्टिकच्या आरपारही पाहतो, फिरत्या पंख्याने आणि गल्लीतल्या कुत्र्यानेही लागतो. बंद खोलीला तो ठीक, अंगणाला पहिला बरा.

रात्रीच्या उजेडाची सोय करून ठेवायला आपल्या भागाचं आणखी एक कारण आहे. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत जमिनीतून गूढ आवाज आणि हादरे वर्षानुवर्षं येत आहेत. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला ४.५ तीव्रतेचे धक्के हिंगोली, परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. ते दोन्ही सकाळचे होते. रात्रीचा धक्का बसतो तेव्हा लोक अंधारात पोरं उचलून बाहेर धावतात, आणि लाईट गेली असेल तर दार शोधण्यापासून तारांबळ उडते. म्हणून दारापाशी बॅटरीचा इमर्जन्सी बल्ब हवा, जो लाईट गेली तरी तीनेक तास चालतो. हा बल्ब साध्या बटणावरच ठेवावा. इंडिकेटर असलेल्या किंवा इलेक्ट्रॉनिक बटणावर त्याला लाईट गेली की बटण बंद झालं हे नीट ओळखू येत नाही.

इंडिकेटरवरून आठवलं, बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब मिणमिणत राहतो ही तक्रार वायरमनला रोज ऐकावी लागते. कधी त्याचं कारण बटणातला छोटा लाल दिवा असतो; त्यातून झिरपणारा नगण्य करंटही एलईडीला पुरतो. कधी लांबच लांब शेजारी-शेजारी धावणाऱ्या तारा. पण तिसरं कारण गंभीर आहे: बटण फेजवर न लावता न्यूट्रलवर लावलेलं असणं. बटण बंद करून होल्डरमध्ये टेस्टर टेकवला आणि तो लख्ख पेटला, तर बटण चुकीच्या तारेवर आहे आणि दिवा बंद असूनही होल्डर जिवंत आहे. बल्ब बदलताना शॉक बसतो तो असा. पिवळ्या बल्बाच्या काळात ही चूक दिसून येत नव्हती, एलईडीने ती उघडी पाडली. घरात असा मिणमिणणारा दिवा असेल तर स्मार्ट काहीही घेण्याआधी परवानाधारक वायरमनकडून सगळी बटणं तपासून घ्या.

नेटवर टांगलेल्या दिव्यांबद्दल एवढंच: कंपनीचा सर्व्हर बंद पडला की दिवाही बंद पडतो, हे अमेरिकेत घडून गेलंय. २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह आणि एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या स्मार्ट उपकरणांच्या नाममुद्रांचे सर्व्हर बंद झाले आणि लोकांच्या घरातली चांगली चालती उपकरणं निकामी झाली. त्यानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲपल, गुगल, ॲमेझॉन, सॅमसंग यांनी मिळून ‘मॅटर’ नावाचं समान मानक आणलं. त्यातली उपकरणं घरातल्या घरात, बाहेरच्या सर्व्हरविना एकमेकांशी बोलतात. निवड करायची वेळ आली तर खोक्यावर ते चिन्ह पाहावं. वायफायची बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झवरच जोडली जातात हेही लक्षात ठेवावं, आणि राउटरला छोटा डीसी यूपीएस लावावा, नाही तर इन्व्हर्टरवर दिवे चालू आणि नेट बंद अशी गत होते. बोलून दिवा लावण्याची हौस असेल तर गुगल असिस्टंट २०१८ पासून मोबाईलवर मराठी समजतो, ॲलेक्सा २०१९ मध्ये हिंदी शिकली. त्यापेक्षा भिंतीला चिकटवता येणारा, नेटशिवाय चालणारा साधा रिमोट खाटेवरून उठू न शकणाऱ्या माणसाला जास्त उपयोगी पडतो. अर्धांगवायू झालेल्या, गुडघे गेलेल्या माणसाच्या उशाला तो असला की रात्री दिव्यासाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. अशा घरात हा खर्च शंभर टक्के सार्थकी लागतो.

राहिला प्रश्न बसवणार कोण. आयटीआयमधून दोन वर्षांचा वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन ट्रेड करून निघालेली हुशार पोरं तालुक्यात आहेत; मॉड्यूल जोडणं त्यांना अवघड नाही, त्यांना वेळ आणि योग्य मजुरी द्यावी लागते. पॉइंटच्या भावात हे काम बसत नाही. भाव ठरवतानाच काही गोष्टी बोलून घ्याव्यात. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार, दुसरा रंग चालणार नाही. प्रत्येक बोर्डात न्यूट्रल येईल, जिन्याच्याही. बल्ब-ड्रायव्हरवर बीआयएसचा आर क्रमांक असेल. प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीतल्या पाइपचे फोटो काढले जातील. आणि कोणतं मॉड्यूल कुठल्या बटणामागे आहे, ते काढून साधी जोडणी परत कशी करायची, याचा हाताने काढलेला नकाशा मुख्य बोर्डाच्या झाकणाला आतून चिकटवला जाईल, कारण पाच वर्षांनी ते झाकण उघडणारा वायरमन वेगळा असेल.